परसबागेतील सलगम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर झाले, आणि छत्तीसगडातील भोसलेकालीन खुणांवरही एक अभ्यासपूर्ण भाषण आपण ऐकले. अशा मालिकेत एका भाजीचे पुराण घेऊन मी उभा आहे, याचा मला मनापासून संकोच वाटतो. चिटणीसांनी दूरध्वनीवरून विषय विचारला तेव्हा मी ‘सलगम’ असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी विचारले, "म्हणजे टर्निपच ना?" मी होय म्हणालो. "मग भाषण लहानच असेल," असे म्हणून त्यांनी विषय नोंदवून घेतला. त्यांच्या या अपेक्षेस मी होता होईल तो तडा जाऊ देणार नाही.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. मी कृषितज्ज्ञ नाही. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालो आणि त्यानंतरची तीसेक वर्षे केंद्र सरकारच्या निरनिराळ्या गावच्या कचेऱ्यांतून कागदांचीच मशागत करीत आलो. तेव्हा जे सांगणार आहे ते तीन वर्षे नापास होऊन चौथ्या वर्षी कसाबसा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे टिपण आहे, असे समजावे. पहिल्याच प्रयत्नात पहिला आलेला विद्यार्थी आपले रहस्य नीट सांगू शकत नाही. आपण कोठे चुकलो हे नापास झालेल्याला मात्र नेमके ठाऊक असते.

विषयाची निवड मी हौसेने केलेली नाही. तिला एक घरगुती कारण आहे, आणि आपण सारे घरचेच असल्यामुळे ते सांगण्यास हरकत वाटत नाही.

आपल्यापैकी अनेकांना आमचे अभनपुरातील घर ठाऊक आहे. माझे आजोबा रेल्वेत नोकरीस होते. 1900 च्या सुमारास रायपूरहून धमतरीपर्यंत अडीच फुटी रुळांची जी छोटी गाडी सुरू झाली आणि जिची एक शाखा अभनपुरातून राजिमला जात असे, त्या मार्गावर त्यांच्या नोकरीची अखेरची वर्षे गेली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. आमच्या नात्यातील कित्येक कुटुंबे तेव्हा नागपूरकडे परतली. आजोबा परतले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी येथेच थोडी जागा घेतली, पुढे घर बांधले आणि मागे विहीर खणली. विहिरीभोवतीच्या जागेत आजीने मेथी, चाकवत, अंबाडी, अळू आणि कडेने मुनग्याची दोन झाडे असा संसार मांडला. छत्तीसगडीत ज्याला ‘बारी’ म्हणतात आणि आपण ज्याला परसबाग म्हणतो, ती ही जागा.

वडिलांच्या पश्चात आणि माझ्या बदल्यांच्या काळात घर भाड्याने दिलेले होते. भाडेकरूंना बारीचे प्रयोजन नव्हते. तिच्यात घाणेरी आणि तरोटा माजला. दरम्यान 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाले, आपल्या तालुक्याला लागून नवा रायपूर उभा राहिला, छोटी गाडी बंद झाली, आणि मार्च 2025 मध्ये रुंद रुळांवरची गाडी अभनपुरात आली. जमिनीच्या भावांचे काय झाले ते मी आपल्याला सांगावयास नको. माझे धाकटे बंधू पुण्यास असतात. माझी बदली रायपुरास झाली आणि मी जुन्या घरी राहावयास आलो, त्याच वर्षी त्यांनी जागा विकण्याचा विषय काढला. मी आढेवेढे घेऊ लागलो तेव्हा ते म्हणाले, "दादा, आजीच्या आठवणी मलाही आहेत. पण त्या मागच्या जागेत आज नक्की काय उगवतं ते तू मला सांग, मग आपण बोलू."

प्रश्न रोकडा होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. बारीत त्या दिवशी घाणेरीशिवाय काही उगवत नव्हते.

आता मेथी किंवा पालक लावून मी उत्तर देऊ शकलो असतो. परंतु दिल्लीच्या नोकरीत आमच्या सरकारी वसाहतीत एक काश्मिरी कुटुंब शेजारी होते. त्यांच्याकडून हिवाळ्यात राजमा घातलेली सलगमाची भाजी येई आणि आमच्या सौभाग्यवतींना ती फार आवडे. बदलीचा हुकूम आला तेव्हा सामानाबरोबर सलगमाच्या बियाण्याची एक पुडीही आली. त्या पुडीपासून माझ्या शिक्षणास प्रारंभ झाला.

मराठी स्वयंपाकघराला सलगम परका आहे. पुष्कळदा त्याची नवलकोलाशी गल्लत होते. नवलकोल हा कोबीचा सख्खा भाऊ. त्याचे खोड जमिनीच्या वर फुगते. सलगमाचे कूळ निराळे आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘ब्रासिका रापा’ म्हणतात, आणि उत्तर हिंदुस्थानात तेलासाठी पेरली जाणारी तोरिया आणि पिवळी सरसों याच जातीत मोडतात. 1935 साली नागाहारू यू या वनस्पतिशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, आपण जिला राई म्हणतो ती या ‘रापा’ कुळाच्या आणि काळ्या मोहरीच्या संकरातून निर्माण झालेली आहे. म्हणजे ज्या सलगमाला आपण उंबऱ्याबाहेर उभा करतो, त्याच्या आप्ताची फोडणी आपण रोज सकाळी घालीतच असतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सलगमाचा जो भाग आपण खातो तो पुरते मूळ नव्हे. बी रुजल्यावर मूळ आणि पहिल्या दोन दलिका यांच्यामध्ये खोडाचा जो आखूड तुकडा असतो, तोच मुख्यत्वे फुगतो. खरे मूळ म्हणजे त्याच्या खालची बारीक शेपटी. म्हणून सलगम मुळ्यासारखा खोल जात नाही, तर अर्धे डोके मातीबाहेर काढून बसतो. जांभळ्या डोक्याच्या जातीत जेवढ्या भागावर ऊन पडते तेवढाच भाग जांभळा होतो आणि मातीखालचा पांढरा राहतो.

या भाजीच्या इतिहासात एक सरकारी अधिकारी आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. इंग्लंडचा चार्ल्स टाउनशेंड हा मोठा मंत्री 1730 साली राजकारणातून निवृत्त झाला आणि नॉरफोक परगण्यातील आपल्या रेनम येथील जमिनीवर जाऊन राहिला. गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर हे गवत अशी चार वर्षांची पीकफेर त्या परगण्यात रूढ होत होती, तिचा त्याने हिरिरीने पुरस्कार केला. सलगमामुळे जनावरांना हिवाळ्यात चारा मिळाला, जनावरांमुळे खत मिळाले आणि जमीन पडीक ठेवण्याची गरज कमी झाली. लोकांनी त्याला ‘टर्निप टाउनशेंड’ असे नाव दिले. मंत्री म्हणून त्याने कोणते तह केले हे आज थोड्यांना ठाऊक असेल. सलगमाने मात्र त्याचे नाव राखले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या माझ्यासारख्यास यातून किती धीर मिळतो, हे आपण समजू शकाल.

आता माझ्या नापास होण्याची हकीकत.

पहिल्या वर्षी मी ऑगस्टच्या अखेरीस पेरणी केली, कारण दिल्लीतील आमचे शेजारी त्याच सुमारास पेरीत. येथेच मी फसलो. सलगमाचे मुख्यतः दोन वर्ग आहेत. एक आशियाई, जो उष्णता बराच सोसतो. दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा स्वेती’ ही जात त्या वर्गातली असून ती लवकर पेरता येते. दुसरा युरोपीय वर्ग. त्याला थंडी हवी. ‘पर्पल टॉप व्हाइट ग्लोब’ ही जगप्रसिद्ध जात त्यातली. शेजारी पेरीत ती पहिली आणि माझ्या पुडीत होती ती दुसरी. पुडीवरील बारीक अक्षरे मी वाचली नव्हती. आयुष्यभर इतरांना ‘नियम नीट वाचून अर्ज करा’ असे सांगणाऱ्याची ही गत! उरलेल्या पावसाने अर्धे बी वाहून गेले. जे उगवले त्याची पाने मोहरीवरच्या काळ्या अळ्यांनी चाळणीसारखी केली. त्यातूनही वाचलेल्या झाडांना ऑक्टोबरच्या उन्हात बोटाएवढे, दोरखंडासारखे चिवट आणि जहाल तिखट कंद आले.

दुसऱ्या वर्षी वेळ साधली, पण अति शहाणपणा नडला. कोबीचे रोप करतात तसे मी सलगमाचे रोप कुंडीत केले आणि महिन्याने उपटून वाफ्यात लावले. पाने झकास आली. डिसेंबरात उपटून पाहतो तो प्रत्येक कंद दुभंगलेला, कोणाला तीन पाय, कोणाला चार. रोप हलवताना मुळाचे टोक तुटते आणि मग ते वाटेल तसे फाटे फोडते. मुळा, गाजर, बीट आणि सलगम ही मंडळी जेथे जन्म घेतात तेथेच वाढू इच्छितात. त्यांना बदली मानवत नाही. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या माणसाला हे आधी कळावयास हवे होते.

तिसऱ्या वर्षी वेळही साधली आणि बी थेट वाफ्यात पेरले. ते इतके उत्तम उगवले की वाफ्यावर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखे दिसू लागले. शेजारच्या वाडीत मरार समाजाची एक वृद्ध बाई आहे. पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकविणारा हा समाज. गाव तिला ‘दाई’ म्हणते. कुंपणापलीकडून तिने वाफा पाहिला आणि म्हणाली, "बाबू, उपट ना!" मी हसून सोडून दिले. एवढी सुरेख रोपे उपटून टाकणे मला जीवावर आले. जानेवारीत पाने होती, भरघोस होती, परंतु खाली कंद म्हणून सुपारीएवढ्या गाठी. दाईने एकच वाक्य ऐकवले, "पातर बोबे, बाबू." पातळ पेर, बाबू. माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणाचे सार या तीन शब्दांत आले.

चौथ्या वर्षी मी दाईच्या देखरेखीखाली पेरणी केली. त्या वर्षीची पद्धत मी क्रमाने सांगतो. ज्यांना टिपून घ्यावयाची असेल त्यांनी अवश्य टिपून घ्यावी.

प्रथम जमीन. आपल्या भागात भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा चार तऱ्हेच्या जमिनी आहेत, हे येथील कोणीही शेतकरी सांगेल. भाठा मुरमाड, कन्हार काळी आणि चिकट. भाठ्यात पाणी ठरत नाही आणि कंद खड्यांना अडून वेडावाकडा होतो. कन्हार वाळली की भेगा पडतात आणि कंद आवळला जातो. मटासी सर्वांत सोयीची, त्याखालोखाल डोरसा. आमची बारी डोरसा आहे, म्हणून मी वाफा जमिनीपासून वीतभर उंच केला आणि त्यात थोडी नदीची वाळू मिसळली. वाफा तीन मीटर लांब व एक मीटर रुंद. माती वीतभर खोल खणून, ढेकळे फोडून, खडे वेचून मऊ करावी. सलगमासाठी खणण्याचे श्रम वाचवू नयेत. त्याची शिक्षा दोन महिन्यांनी जमिनीखाली मिळते.

खत चांगले कुजलेलेच हवे. येथील ‘घुरवा’, म्हणजे आपला उकिरडा, वर्षभर मुरलेला असेल तर त्यासारखे खत नाही. एवढ्या वाफ्याला सहा ते आठ किलो पुरते. ताजे शेण घातल्यास कंदांना फाटे फुटतात आणि नुसती पाने माजतात. ज्या जागी आदल्या हंगामात मुळा, कोबी किंवा मोहरी होती ती जागा टाळावी. भेंडी किंवा चवळी निघालेली जागा उत्तम.

दुसरी गोष्ट वेळ. सलगमाला पंधरा ते वीस अंशांची हवा मानवते. रायपूरकडे ऑक्टोबरात दुपारी तीस अंशांच्या वर पारा असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री तो तेरा अंशांच्या आसपास उतरतो आणि फेब्रुवारीत पुन्हा चढू लागतो. म्हणजे युरोपीय जातींसाठी आपल्याला दोन-अडीच महिन्यांची एकच खिडकी उपलब्ध आहे. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य, शेतात धानाची कापणी चालू असते तो हा काळ. सगळे बी एकदम पेरू नये. अर्धा वाफा आज व अर्धा पंधरा दिवसांनी पेरला तर सारी भाजी एकाच आठवड्यात अंगावर येत नाही.

तिसरी गोष्ट बी. एका ग्रॅममध्ये तीनशे-चारशे दाणे असतात. एवढ्या वाफ्याला दीड ग्रॅम बी पुरून उरते. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या अपराधाचे मूळ येथे आहे. मी दहा ग्रॅमची अख्खी पुडी ओतली होती. जमिनीत वाफसा असताना, म्हणजे मुठीत घेतलेली माती गोळा होते पण हाताला चिकटत नाही अशा वेळी, एक फूट अंतरावर बोटाने ओळी ओढाव्यात. ओळीची खोली एक ते दीड सेंटिमीटर, अधिक नाही. बी दुपटी-तिपटीने कोरड्या वाळूत मिसळून चिमटीने सोडावे, म्हणजे ते आपोआप पातळ पडते. वरून भुरभुरीत माती सारून हलका हात फिरवावा. पाणी झारीने द्यावे. पाट सोडला की बी एका कोपऱ्यात जमा होते. चार ते सात दिवसांत उगवण होते.

चौथी गोष्ट विरळणी, आणि हीच सर्वांत कठीण. तिच्यात श्रम नाहीत, पण मन घट्ट करावे लागते. बारा-पंधरा दिवसांनी, दोन-तीन खरी पाने आली की, दोन रोपांत दोन बोटांचे अंतर राहील अशी बाकीची काढावीत. आणखी दहा-बारा दिवसांनी दुसरी विरळणी करून अंतर चार इंचांचे करावे. काढलेली रोपे वाया जात नाहीत. त्यांची कोवळी पाने पहिली भाजी म्हणून घरात येतात. आमच्या दाईला या भाजीचे फार अगत्य. ज्या मुलखात लाल भाजी, चेच भाजी, तिवरा भाजी अशी पालेभाज्यांची मोठी मालिका आहे, तेथे सलगमाच्या पाल्याला परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

पाचवी गोष्ट पाणी. आरंभी तीन-चार दिवसांनी थोडे, पुढे आठवड्यास एकदा पण भरपूर, आणि नेमाने. आठ दिवस तहानलेले ठेवून नवव्या दिवशी पूर आणला तर कंद तडकतात. सतत तहानलेले ठेवले तर तिखट आणि चिवट होतात. दोन खुरपण्या पुरेत. खुरपे हलके चालवावे, कंदाला जखम होऊ देऊ नये.

कीड दोन प्रकारची. पेरणी लवकर झाली तर मोहरीवरच्या काळ्या अळ्या येतात. त्या सकाळी पानांवर असतात आणि स्पर्श होताच मेल्याचे सोंग घेऊन खाली पडतात. खाली साबणाच्या पाण्याचे भांडे धरले की त्यांचे सोंग त्यांनाच भोवते. जानेवारीत आभाळ आले की मावा येतो. त्यावर राख भुरभुरावी अथवा पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. कंद कापल्यावर मधोमध तपकिरी, पाणचट डाग दिसले तर ती कीड नव्हे. जमिनीत बोरॉन कमी असल्याचे ते लक्षण आहे. पुढील हंगामात चौरस मीटरला एक ग्रॅम टाकणखार पाण्यात विरघळवून द्यावा. एकच ग्रॅम. येथे उदारपणा घातक ठरतो.

पन्नास ते साठ दिवसांत कंद लिंबाहून मोठा आणि टेनिसच्या चेंडूहून थोडा लहान होतो. तोच काढण्याचा काळ. आणखी मोठा होऊ द्यावा हा मोह टाळावा. फेब्रुवारीची ऊब लागली की आत धागे पडतात. घरचे बी धरण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. युरोपीय जातींना फुलावयास लागणारी दीर्घ थंडी आपल्याकडे पडत नाही, आणि आशियाई जाती फुलल्या तरी जवळपासच्या तोरिया-सरसोंशी त्यांचा संकर होतो. बी दर वेळी विश्वासाचे आणावे. कोरड्या बरणीत ते तीन-चार वर्षे टिकते.

भगिनीवर्गाने स्वयंपाकाविषयी विचारले आहे. सौभाग्यवतींच्या अनुमतीने सांगतो. कोवळा सलगम किसून दही, कूट आणि मिरची घातली की मुळ्याच्या कोशिंबिरीपेक्षा सौम्य कोशिंबीर होते. फोडी करून भिजवलेली चण्याची डाळ, गोडा मसाला आणि बोटभर गूळ घातल्यास रस्सा होतो. पाल्याची पीठ पेरून भाजी होते. आणि गाजर, फुलकोबी व सलगम यांचे पंजाबी पद्धतीचे लोणचे मोहरीच्या पुडीत मुरले म्हणजे, आधी सांगितल्याप्रमाणे, आप्ताची आप्ताशी भेट होते.

आता पुन्हा बंधूंच्या प्रश्नाकडे वळतो.

चौथ्या वर्षी त्या एका वाफ्यातून मी साडेसात किलो सलगम काढले. पाला वेगळा. बाजारभावाने त्याची किंमत काढली तर ती हास्यास्पद आहे. जागेच्या भावापुढे ती मांडणे म्हणजे हिशेबाची थट्टा करणे होय. मी हिशेब ठेवणाऱ्या माणसांत आयुष्य काढले आहे आणि या बाबतीत स्वतःला फसविलेले नाही. बंधू जानेवारीत सहकुटुंब आले. मी त्यांना काही न बोलता वाफ्यापाशी नेले. त्यांनी एक कंद उपटला, विहिरीवर धुतला आणि तेथेच उभ्याने चावून पाहिला. मग म्हणाले, "गोड आहे रे." थोड्या वेळाने म्हणाले, "पण दादा, हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे." मी म्हणालो, "नव्हेच. तू विचारलंस काय उगवतं, ते दाखवलं. त्याची किंमत तू कर."

आम्ही दोन दिवस बोललो. त्यांच्या मुलीचे शिक्षण आहे, माझ्याही घरात खर्च आहेत. कोणाचीच बाजू खोटी नव्हती. अखेर रस्त्याकडचा अर्धा भाग विकावयाचा आणि विहिरीसह मागची बारी मी निवृत्त होईपर्यंत ठेवावयाची, असे ठरले. पुढचा अर्धा भाग गेला. त्याबरोबर मुनग्याचे एक झाडही गेले, त्याचे मला वाईट वाटले. निवृत्तीनंतर काय, याचा निर्णय झालेला नाही. माझ्या सलगमाने घर वाचविले असे मी सांगितले तर टाळ्या पडतील, पण ते खरे होणार नाही. घडले ते एवढेच की, घाणेरी माजलेल्या जागेविषयी जी बोलणी एका दूरध्वनीत संपली असती, ती लावलेल्या वाफ्यामुळे दोन दिवस चालली, आणि दोघेही भाऊ वाफ्याच्या कडेला बसून बोललो.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळातील निदान निम्म्या घरांमागे अशी जागा आहे. काहींची सिमेंटने झाकली गेली, काहींत मोडके सामान पडले आहे, काहींच्या वाटण्या व्हावयाच्या आहेत. ती राखा असा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. मीच अर्धी विकून बसलो आहे. माझी विनंती त्याहून लहान आहे. जागेचे काय करावयाचे ते ठरवाल तेव्हा ठरवा, परंतु तोवर तिच्यात काही तरी पेरा. रिकाम्या जागेचा निर्णय केवळ भाव करतो. पेरलेल्या जागेच्या निर्णयात आपल्यालाही थोडे मत राहते. छत्तीसगड सरकारनेही 2019 च्या सुमारास ‘नरवा, गरुवा, घुरवा, बारी’ या नावाने ओढा, गुरे, खत आणि परसबाग यांचा एकत्र विचार मांडला होता. राज्यकारभार बदलला की योजनांची नावे बदलतात. आजीच्या बारीला मात्र कधी कोणाच्या मंजुरीची गरज पडली नव्हती.

येताना मी साठ ग्रॅम बी घेऊन आलो आहे. दोन-दोन ग्रॅमच्या तीस पुड्या सौभाग्यवतींनी काल रात्री बांधल्या. प्रत्येक पुडीवर पेरणीचा पंधरवडा, खोली आणि अंतर लिहिले आहे, आणि अक्षरे मुद्दाम मोठी काढली आहेत. सभा संपल्यावर दाराशी त्या मिळतील. पुडी नेणाऱ्याने जानेवारीच्या अखेरीस एक कंद मंडळात आणून दाखवावा, एवढीच अट. दुभंगलेला असला तरी आणावा. त्या कामी माझा अनुभव मोठा आहे.

पुडी फोडाल तेव्हा दाईचे तीन शब्द तेवढे लक्षात असू द्यावेत. चिटणीसांना दिलेला शब्द मला पाळता आला नाही आणि भाषण लांबले, त्याबद्दल क्षमा मागतो.